जुन्या हेवी मेटलचा आवाज हवाय? पिकअपवरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा

५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथ या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला आणि २२ जुलैला त्यांचे गायक ओझी ऑस्बोर्न गेले. तेव्हापासून ठाण्यात माझ्याकडे गिटार दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांमध्ये एका मागणीने जोर धरलाय. १ फेब्रुवारी २००८ला बीकेसीच्या मैदानात आयर्न मेडन हा बँड ऐकलेले, आता चाळिशीला टेकलेले लोक असोत, नाहीतर त्यांची कॉलेजात जाणारी भाचरं असोत, सगळ्यांना तो जुना, सत्तरच्या-ऐंशीच्या दशकातला आवाज हवाय. गिटारला आलेला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, काढून दुसरा बसवायची तयारीही आहे. "दादा, सगळ्यात जास्त आउटपुटचा कुठला?" असं विचारतच ते पेटी उघडतात.

आउटपुट म्हणजे पिकअपमधून निघणारा सिग्नल किती जोरकस आहे ते. हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी अगदी योग्य होता. तेव्हाची अडचण आज उरलेली नाही, त्यामुळे त्याचं उत्तरही बदललंय. ते समजायला आधी पिकअप करतो काय, हे बघू.

चुंबक, वायर आणि हलणारी तार

पिकअपमध्ये एक चुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याची वायर गुंडाळलेली असते. त्या गुंडाळीला कॉइल म्हणतात. बस, एवढंच. कव्हर आणि वरची टेप काढली की तांबूस, चकचकीत वायर दिसते. जाडी साधारण ०.०६ मिमी. बोटाचं नख अडकलं तरी तुटते आणि तुटली की पिकअप मुका होतो. नेहमीच्या पिकअपच्या एका कॉइलवर या वायरचे पाच हजारांच्या आसपास वेढे असतात.

गिटारची पोलादी तार या चुंबकाच्या क्षेत्रात असल्यामुळे स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती हलली की क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. हे मायकेल फॅरडेने १८३१मध्ये दाखवून दिलं आणि आपण ते दहावीच्या विज्ञानात शिकलो. नायलॉनच्या तारांवर हा पिकअप चालत नाही, तो यामुळेच.

ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे अंगावर बांधलेल्या असतात तिथे, तार कमी झुलते आणि आवाज टणक, धारदार येतो. गळ्याजवळ ती जास्त झुलते, तिथला आवाज गोल आणि जाड. मेटलचे रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे, बहुतेक वेळा ब्रिजच्या पिकअपवर वाजतात. त्यामुळे पैसे एकाच पिकअपपुरते असतील तर ब्रिजचाच बदला. या लेखात पुढे पिकअप म्हटलं की तोच समजावा.

घरातली वीज गिटारमध्ये का ऐकू येते

कॉइल तारेची हालचाल पकडते, तसंच आजूबाजूच्या विजेचं चुंबकीय क्षेत्रही पकडते. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणून एका कॉइलच्या पिकअपमधून सतत एक घुंऽऽ ऐकू येतं. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर तोडगा काढला आणि १९५५मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी दोन कॉइल शेजारी ठेवल्या, एकीचे वेढे दुसरीच्या उलट आणि चुंबकाची टोकंही उलट. बाहेरून आलेली घुंई दोघींमध्ये विरुद्ध दिशेने येते आणि पुसली जाते, तारेचा सिग्नल मात्र दुप्पट होतो. हा हमबकर. १९५७पासून तो गिटारींवर बसू लागला. सुरुवातीच्या काळात पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' असा स्टिकर असायचा, म्हणून त्या पहिल्या पिढीला आजही पीएएफ म्हणतात.

"माझ्याकडे हमबकर आहे, तरी आवाज येतोच," ही तक्रार नेहमीची. एक सोपी तपासणी करा. गिटार गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू वळा. घुंई दिशेप्रमाणे कमीजास्त झाली तर ती पिकअप पकडतोय. वळून काही फरक पडला नाही, पण तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला, तर दोष अर्थिंगचा, आतल्या शिल्डिंगचा किंवा लॅपटॉपच्या चार्जरचा असण्याची शक्यता जास्त. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींमध्ये तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नाही, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. तिथे आधी वायरमनला बोलवा. पिकअप बदलून ती तक्रार जाणार नाही.

सॅबथचा पहिला आवाज हमबकरचा नव्हता

सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करायचे. सतराव्या वर्षी तिथे झालेल्या अपघातात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि हलक्या तारा लावल्या. १९७१च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. सैल तार दाबायला सोपी जाते आणि आवाज खोल होतो.

सॅबथचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७०चा. त्या काळात आयोमींच्या हातात गिब्सन एसजी स्पेशल गिटार होती आणि तिच्यावर पी-९० पिकअप होते. पी-९० म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप. ज्या आवाजाला जग हेवी मेटलची सुरुवात मानतं, त्यात ना हमबकर होता, ना कसला 'हाय आउटपुट'.

मग एवढं वजन आलं कुठून? एक म्हणजे मोठ्याने लावलेला लेनी कंपनीचा व्हॉल्व्ह अँप, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अँप्लिफायर. दुसरं म्हणजे गिटार आणि अँप यांच्यामध्ये बसवलेला ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे आणि मधले सूर जोरात पुढे ढकलणारी छोटी डबी. एवढा जाड आवाज काढणारा माणूस अँपच्या आधी खर्ज वाढवत नव्हता. तो वरचा भाग वाढवत होता. हे लक्षात ठेवा, पिकअप निवडताना सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे.

मग जास्त आउटपुटचे पिकअप आले कशाला?

त्या काळच्या बहुतेक अँपना गेनचं, म्हणजे सिग्नल आत किती वाढवायचा त्याचं, वेगळं बटण नसायचं. आवाज फाटायला हवा असेल, म्हणजे डिस्टॉर्शन हवं असेल, तर व्हॉल्यूम शेवटपर्यंत न्यावा लागायचा. लॅरी डिमार्झिओ यांनी १९७२मध्ये सुपर डिस्टॉर्शन नावाचा पिकअप आणला. सिरॅमिक चुंबक आणि जास्त वेढे. त्यातून निघणारा सिग्नल इतका जोरकस होता की अँपचा पहिला व्हॉल्व्हच तो पेलू शकत नसे आणि आवाज लवकर फाटायचा. जुना काढून त्या जागी बसवायचे पिकअप वेगळे विकायचा धंदा इथून सुरू झाला. आयर्न मेडनचे गिटारवादक डेव्ह मरे यांनी आपल्या काळ्या स्ट्रॅटवर, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर, हेच बसवले. १९७६मध्ये सीमूर डंकन आणि ईएमजी या दोन्ही कंपन्या उभ्या राहिल्या आणि पुढच्या दशकातला मेटलचा आवाज बऱ्याच अंशी या तीन नावांभोवती घडला.

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत कुणी शंभर वॅटचा अँप पूर्ण उघडत नाही. हेडफोन, वेगवेगळ्या अँपची नक्कल करणारा मॉडेलिंग अँप किंवा तेच काम करणारं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, यांवर सराव चालतो आणि त्यांत गेन हवा तेवढा मिळतो. ज्यासाठी १९७२मध्ये वेगळा पिकअप घ्यावा लागत होता, ते आज बटण फिरवून होतं. बटणाने मिळत नाही ती गोष्ट वेगळी: डिस्टॉर्शनमध्ये शिरण्याआधी आवाज कसा आहे.

डिस्टॉर्शनच्या आधी की नंतर

डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलच्या लाटेचे शेंडे छाटणं. छाटल्यावर त्यात नवे सूर तयार होतात, म्हणून आवाज भरलेला लागतो. पण लाटेत सगळ्यात मोठा वाटा खर्जाचा असतो. खर्ज जास्त असेल तर छाटणीची सगळी जागा तोच खातो आणि बाकीचे सूर त्याच्याबरोबर वरखाली हेलकावतात. शिवाय दोन सूर एकत्र छाटले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे भलतेच सूर निघतात. मेटलमध्ये पूर्ण कॉर्डऐवजी षड्ज-पंचमाचा पॉवर कॉर्ड चालतो, कारण त्या जोडीतून निघणारे जादा सूर मूळ सुरांशी जुळतात.

चटणी वाटण्याआधी भांड्यात पाणी जास्त पडलं तर नंतर काहीही करा, ती पातळच राहते. डिस्टॉर्शनच्या आधी शिरलेला खर्ज असाच आहे. अँपचं बास बटण कितीही उतरवा, गिचका तोपर्यंत झालेला असतो. ट्यूब स्क्रीमरसारखं पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची डबी, मेटलवाले जास्त गेनच्या अँपच्याही आधी लावतात ते यासाठीच. ते खर्ज कापतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग उचलतं. मग पाम म्यूट, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेला ठोका, मोकळा आणि घट्ट ऐकू येतो.

पिकअप या सगळ्या साखळीत पहिला असतो. कुठला भाग पुढे जाईल आणि कुठला मागे राहील, हे सर्वात आधी तो ठरवतो. विकत घ्यायचं आहे ते हे.

गेल्या पावसाळ्यात कळव्याहून एक मुलगा गिटार घेऊन आला. ऑनलाइन मागवलेला जबरदस्त ताकदीचा सिरॅमिक पिकअप त्याने बसवून घेतला होता आणि पाम म्यूट वाजवला की नुसतं भद्द व्हायचं. बघितलं तर पिकअप तारांना जवळजवळ चिकटला होता, मधे जेमतेम एक मिलिमीटर. जाड तार वाजताना चुंबकाकडे ओढली जात होती, त्यामुळे तिचा सूरही डळमळत होता. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून पिकअप अडीच मिलिमीटरवर आणला आणि अँपचा गेन जवळजवळ निम्मा केला. तोच पिकअप, तीच गिटार, आणि सहाव्या तारेवरचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येऊ लागला. मुलाचा पहिला प्रश्न होता, "सर, मग जुना पिकअप पण असाच वाजला असता का?" वाजला असता. त्यामुळे माझं सांगणं असतं की पैसे खर्च करण्याआधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. गळ्यावरच्या शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) तार दाबायची, पिकअपपासून तारेचं अंतर मोजायचं, दोन ते अडीच मिलिमीटरपासून सुरुवात करायची आणि कानाने ठरवायचं.

किलोओहमच्या आकड्याचं काय करायचं

जाहिरातीत पिकअपच्या नावाशेजारी एक आकडा असतो, किलोओहममध्ये. तो कॉइलचा रोध, म्हणजे वायर विजेला किती अडवते ते. पीएएफ धाटणीचे साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतात, सुपर डिस्टॉर्शन पावणेचौदाच्या आसपास, सीमूर डंकनचा जेबी सोळाच्या थोडा वर.

आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, असं धरून चालता येत नाही. वायर बारीक केली की तेवढ्याच वेढ्यांना रोध वाढतो, सिग्नल वाढत नाही. चुंबक किती जोरदार आहे, हे तर या आकड्यात येतच नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. २० अंशांना १६.४ दाखवणारा पिकअप ठाण्याच्या मे महिन्यात, ३५ अंशांच्या खोलीत, १७.४च्या जवळ जातो. आवाज मात्र तोच. एकाच धाटणीच्या, त्याच वायरच्या दोन पिकअपची तुलना करायची असेल तर आकडा थोडा कामाचा. कॉइल तुटली आहे का, हे मल्टिमीटरने बघायलाही कामाचा. त्यापलीकडे त्यावर विसंबू नका.

"सिरॅमिक कर्कश, अल्निको गोड" हेही असंच अर्धवट. अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू. तो बहुधा थोडा मऊ वाजतो, हे खरं. पण सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिकच आहे आणि त्याच्या भरदार, जाड मध्यासाठी लोक तो घेतात. चुंबक, वेढे आणि वायर यांचा मेळ आवाज ठरवतो.

आता निवड

आधी आपली गिटार ऐका. गेन पूर्ण बंद करून, स्वच्छ आवाजात, एक रिफ मोबाइलवर रेकॉर्ड करा. आवाज पातळ आणि टोचरा आहे, की जाड आणि दबलेला? पिकअप त्याच्या उलट बाजूचा निवडायचा.

सत्तरच्या दशकातला सॅबथ किंवा सुरुवातीचा जुडास प्रीस्ट हा बँड मनात असेल, तर कमी किंवा मध्यम आउटपुटचा, पीएएफ धाटणीचा अल्निको पिकअप घ्या, उदाहरणार्थ डंकनचा फिफ्टी-नाइन. यात वाजवणाऱ्याच्या हाताचा जोर ऐकू येतो, आणि चुकाही. मला स्वतःला जुन्या मेटलसाठी हाच प्रकार सर्वात जास्त भावतो. गेन तर अँपमध्ये आहेच.

मेडनच्या जुळ्या गिटारींसारखा गाणारा, मध्य पुढे असलेला आवाज हवा असेल तर सुपर डिस्टॉर्शन. टोचऱ्या, पातळ गिटारीला तो फार शोभतो. गिटार मुळातच जाड आणि मंद वाजत असेल तर त्यात बसवू नका. तिथे वरचा मध्य पुढे आणणारा जेबी बरा, आणि तोच टोचऱ्या गिटारीत बसवला तर कानाला त्रास देतो. म्हणून मित्राच्या गिटारीत छान वाजलेला पिकअप तुमच्यात तसा वाजेलच असं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला, झपाट्याचा, कोरडा थ्रॅश, म्हणजे अतिवेगवान मेटल, हवा असेल तर डंकनचा डिस्टॉर्शन नावाचा पिकअप किंवा ईएमजी ८१. यातला ८१ हा अॅक्टिव्ह आहे, म्हणजे त्याच्या पोटातच ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं छोटं अँप्लिफायर असतं. आवाज अतिशय स्वच्छ आणि घट्ट. मात्र बॅटरीला आत जागा लागते, गिटारमधले पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग, २५ किलोओहमचे बसवावे लागतात, आणि वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवली नाही तर बॅटरी उतरत राहते. त्याला रोधाचा आकडा लावून बघण्यात काही अर्थ नाही.

"स्पीकर बदलला तर जास्त फरक पडतो ना?"

पडतो. स्पीकर, किंवा प्लगइनमध्ये त्याच्या जागी निवडलेली कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, आवाजाची नोंद, पिकअपपेक्षा कितीतरी जास्त आवाज बदलते. अजून तुमचा आवाज ठरलाच नसेल तर सुरुवात तिथून करा, प्लगइनमध्ये बहुतेक वेळा खर्चही येत नाही.

पिकअप बदलणं खरंच गरजेचं कधी? पुढच्या तिन्हीपैकी एक तरी असेल तेव्हा. उंची नीट करूनही ठोके एकमेकांत मिसळतात. किंवा एक तार बाकीच्यांपेक्षा बारीक ऐकू येते. किंवा गेन वाढवला की पिकअप किंचाळतो. या शेवटच्याची तपासणी अशी: पिकअपवर पेन्सिलीने टकटक करा. टकटक अँपमधून मोठ्याने आली तर आतले वेढे सैल आहेत आणि आवाजाने स्वतःच थरथरतात. चांगले पिकअप वितळलेल्या मेणात बुडवतात ते हे वेढे जागच्या जागी बसावेत म्हणून.

पेटी मागवण्याआधी आणि गिटार उघडताना

ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर पट्टीने मोजा. गिब्सन धाटणीच्या पिकअपचे तारांखालचे छोटे खांब साधारण ५० मिमीत बसतात, फ्लॉइड रोझ किंवा फेंडर धाटणीच्या ब्रिजला ५१ ते ५३ मिमीचा रुंद पिकअप लागतो. बरीच मॉडेल दोन्ही मापांत मिळतात.

पॉटही बघून घ्या. हमबकरला ५०० किलोओहमचे लागतात. स्वस्त गिटारीत कधी २५०चे निघतात आणि त्यांनी आवाजावर पांघरूण घातल्यासारखं होतं. पावसाळ्यानंतर पॉट फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहा, नाहीच गेली तर बदला. पॉट, स्विच, सोल्डर सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं.

जोडणी करताना सगळ्यात जास्त घोळ वायरच्या रंगांत होतो. डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची, हिरवी आणि उघडी अर्थला, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायची. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी आणि उघडी अर्थला, काळी-पांढरी एकत्र. एका कंपनीचा नकाशा दुसरीला लावला तर आवाज पातळ, पोकळ येतो आणि लोक नव्या पिकअपला दोष देतात. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर आधी पॉलिशपेपरने पाठ किंचित घासा आणि चांगला गरम सोल्डरिंग आयर्न थोडाच वेळ टेकवा. कमी तापलेला आयर्न मिनिटभर दाबून धरला तर पॉट आतून जळतो.

जुना पिकअप काढताना वायर पक्कडीने तोडू नका, सोल्डर वितळवून सोडवा. वायर पूर्ण लांबीची असेल तर तो पिकअप परत बसवता येतो किंवा विकता येतो. आणि सोल्डर सोडवण्यापूर्वी जुन्या जोडणीचा एक स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.